फोटोतली मुलगी

आमच्या वन्संना चीड येणार नाही अशी गोष्ट जगात अजून तयार व्हायची आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही; सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत गेली कित्येक वर्षं ब्यूटी पार्लर चालवतात. उन्हावर त्या चिडतात, कारण काजळ ओघळतं. ट्यूबलाइटवर चिडतात, कारण तिच्या उजेडात रंग खोटं बोलतात. आणि फोटोसाठी डोळ्यांवर आकाशी रंग मागणाऱ्या बाईवर तर अशा चिडतात, की तिने त्यांच्या शेताचा बांध कोरलाय असं वाटावं. एकदा एका लग्नात, ओळख ना पाळख, नवरीच्या मावशीला त्यांनी हाताला धरून खिडकीशी नेलं आणि तिच्या पापण्यांवरचा आकाशी रंग स्वतःच्या पदराने पुसून टाकला. "सावळ्या कातडीवर ही राख दिसती. कुणी सांगितलं न्हाय का तुमाला?" ती बाई रडकुंडीला आली, पुढच्या महिन्यात मात्र दोन्ही सुनांना घेऊन पार्लरात हजर झाली. त्यावरही वन्सं चिडल्या, कारण सुनांनी भुवया दुसरीकडे करून आणल्या होत्या.

रंग निवडायचा तर त्या गिऱ्हाइकाला भर दुपारी उंबऱ्यात उभं करतात, एका पापणीवर तांब्याचा रंग लावतात, दुसरीवर वांग्याचा, आणि स्वतः मागे सरकत सरकत थेट रस्त्याच्या मधोमध जातात. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तर, "थांब की जरा, डोळे बघतीय," असं त्यालाच सुनावतात.

माझ्या दीपासाठी कुर्डुवाडीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, त्यांनी फोटो मागवला. दीपा माझ्यावर गेलेली, सावळी. मी हळूच म्हटलं, "वन्सं, जरा उजळ दिसेल असं बघा. डोळ्यांवर फिकट गुलाबी वगैरे."

"उजळ कशाला? पोरगी काय ट्यूबलाइट हाय?"

त्यांनी पापणीवर तांब्याचा रंग लावला, कडेला गडद वांगी, खाली काजळाची बारीक रेघ. दीपाचे डोळे असे गहिरे दिसले की गुलाबी रंग मी विसरूनच गेले. पण स्टुडिओतल्या फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर तिचा चेहरा गोरा करून दाखवला, आणि खोटं कशाला सांगू, मला तोच आवडला. मी म्हटलं, हाच द्या.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "ही कोण?"

"अहो, आपली दीपा."

"हिला मी वळखत न्हाय."

खुर्ची ओढून त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या, त्या मूळचा फोटो परत येईपर्यंत उठल्या नाहीत. तोच फोटो कुर्डुवाडीला गेला. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही पाठवलीच नव्हती.

तो निरोप ऐकून माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं त्यांचा राग सोसला, त्या दिवशी माझा बाहेर पडला. "तुमच्या हट्टापायी माझ्या पोरीचं स्थळ गेलं. तुम्हाला काय, तुम्हाला लग्न करायचंच नव्हतं."

वन्सं ब्रश धूत होत्या. नळ बंद करून म्हणाल्या, "करायचं होतं. माझाबी फोटो काढला होता. फोटोवाल्यानं हातानं रंगवून गोरा केला. मंगळवेढ्याची माणसं तो बघून आली. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाली, फोटोतली मुलगी बोलवा."

एवढं सांगून त्यांनी पुन्हा नळ सोडला. माफी मागायला हवी होती. मी नुसता टॉवेल पुढे केला.

दीपाचं पुढच्या वर्षी तिच्या ऑफिसातल्याच मुलाशी जमलं. त्याने फोटो मागितलाच नाही, यावर वन्सं आठवडाभर धुमसत होत्या. "फोटो न बघता हो म्हणाला? म्हणजे आमी केलेलं सगळं पाण्यात."

दीपा पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. परवा दुपारी पार्लरात कुणी नव्हतं. वन्सं मला म्हणाल्या, "बस हितं. तुझा एक फोटो धड न्हाय घरात."

"आता या वयात कशाला, वन्सं?"

"डोळे मीट."

मी मिटले. त्यांचं बोट पापणीवरून फिरायला लागलं. कुठला रंग लावताय, ते मी विचारलं नाही. बोट थांबलं, तरी मी डोळे मिटूनच बसून राहिले, त्या ‘उघड’ म्हणेपर्यंत.