मृत्युपत्रात काय काय बसत नाही

आमच्या ऑफिसातली रद्दी दर दिवाळीला निघते, जुन्या फायली माळ्यावर जातात, पण किस्से कुठेच जात नाहीत. ते साचतच राहतात. यवतमाळच्या कोर्टाजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस. सव्वीस वर्षं मी इथे लोकांची मृत्युपत्रं करून देते आणि तेवढीच वर्षं आमचे सुधाकरभाऊ समोरच्या टेबलावर ती टाइप करतात. मैत्रिणी विचारतात, मृत्युपत्राच्या ऑफिसात कसले गं हसायचे किस्से? अगं, आपल्यामागे काय व्हावं हे ठरवायला बसलेला माणूस जितका तरतरीत असतो, तितका तो स्वतःच्या लग्नातही नसतो!

त्यातून प्रत्येकाला वाटतं, माझं आहे ते मी वाटेल त्याला आणि वाटेल तसं देईन. कायदा म्हणतो, जरा थांबा. ते 'जरा थांबा' सांगायचं काम माझं, आणि त्यावर माणसं जे बोलतात ते ऐकायचं भाग्यही माझंच.

*

एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. घर स्वकमाईचं, त्यामुळे कोणालाही द्यायची पूर्ण मोकळीक. सरांनी ते नातवाला द्यायचं ठरवलं होतं. सोबत फुलस्केपवर अटी होत्या, एकूण अकरा. घराचा रंग बदलू नये. हॉलमध्ये टीव्ही लावू नये. घर कधीही विकू नये. आणि नातवाने जन्मभर रोज पहाटे पाचला उठावं.

मी समजावलं, "सर, घर पूर्ण मालकीनं द्यायचं आणि वर जन्मभराची बंधनं घालायची, हे टिकत नाही. आणि तो पाचला उठला की नाही, हे तुमच्यामागे तपासणार कोण?"

सरांनी शेजारी बसलेल्या सुनेकडे बोट दाखवलं. ती इतका वेळ मोबाइल पाहत बसली होती. तिने मान वर केली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मंग घर दुसऱ्या कोणाले देता काय?"

सरांनी पेन काढून पाचाचे सहा केले. सुधाकरभाऊंनी टायपिंग थांबवलं आणि म्हणाले, "सर, साडेसहा करा. तेवढ्यात सगळ्यायचं जमते."

*

उमरखेडकडचे नामदेवराव. त्यांना दोन एकर वावर बैलाच्या नावाने करायचं होतं. बैलाचं नाव हिरा. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं.

"काका, जनावर मालक होऊ शकत नाही," मी म्हटलं. "सातबाऱ्यावर त्याचं नाव चढणार नाही."

"काहून नाई? थे वावर त्याच्या मेहनतीवर घेतलं मी. पोट्टा तवा पुण्याले होता."

"अहो, पण कागदपत्रावर सही कोण करणार?"

"माह्या बापानं जन्मभर अंगठा लावला. ह्याचा खूर घ्या."

शेवटी वावर मुलाला आणि हिराला मरेपर्यंत सांभाळायची जबाबदारीही मुलाला, अशी तडजोड झाली. नामदेवरावांनी दोन झेरॉक्स मागितल्या.

"दोन कशाला?"

"एक पोट्ट्याले देतो," ते म्हणाले. "एक गोठ्यात लावतो."

*

वणीचे भाऊराव कोळशाच्या खाणीत कामाला. त्यांना आपली नोकरी धाकट्या मुलाच्या नावे लिहून ठेवायची होती. मी नेहमीसारखी सुरुवात केली, की स्वकष्टाने कमावलेलं काहीही तुम्ही हवं त्याला देऊ शकता. तिथेच मी फसले.

"नोकरी माहीच कमाई हाये ना जी?" भाऊराव म्हणाले. "बापानं नाई लावून देल्ली. मंग लिवा."

"नोकरी ही मालमत्ता होत नाही, भाऊराव. तुम्ही तिचे मालक नाही. समजा, खुर्ची कंपनीची, तुम्ही नुसते तिच्यावर बसलात."

"खुर्ची? मॅडम, अठ्ठावीस वर्षं झाले, जमिनीखाली हुभा हावो मी."

मला इतकी लाज वाटली की मी मुकाट्याने चहा मागवला. तो त्यांनी उभ्यानेच घेतला.

*

रहीमचाचा म्हणजे आमच्या भागातले जुने टेलर. बायको गेली, मूलबाळ नाही. जवळची वारस म्हणून उमरखेडला दिलेली एक बहीण तेवढी आहे. गेली सहा-सात वर्षं शेजारच्या सुलोचनाबाई त्यांना दोन वेळचा डबा देतात, दुखलंखुपलं पाहतात. चाचांना आपलं घर त्यांना द्यायचं होतं. घर हीच काय ती इस्टेट.

मी सांगितलं, "चाचा, तुमच्या कायद्यात मृत्युपत्रानं फक्त एक तृतीयांश देता येतं. त्यापुढे द्यायचं तर वारसांची संमती लागते."

चाचांनी गळ्यातल्या टेपशी चाळा करत हिशेब केला. "मतलब पूरा सूट नाही, खाली जाकीट."

"तसंच काहीसं. बहिणीला विचारून बघा."

त्यांनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. बहीण एका क्षणात तयार झाली. "दे दो भाईजान, पूरा घर दे दो. उस बाई ने आपको खिलाया है, मैंने थोडेही. बस, अम्मी की सिलाई मशीन मेरे को देना."

माझे तर डोळे भरून आले. सुधाकरभाऊंनी चष्मा पुसला. चाचांनी फोन ठेवला, टेप नीट गुंडाळली आणि म्हणाले, "मॅडम, एक तिहाईच लिवा. बाकी बहन का."

*

मधेच सुधाकरभाऊंचं सांगते. इतकी वर्षं हा माणूस लोकांची मृत्युपत्रं टाइप करतो, स्वतःचं अजून केलेलं नाही. मी एकदा मागेच लागले. म्हटलं, मी मजकूर सांगते, तुम्ही टाइप करा, अर्ध्या तासाचं काम.

"नको मॅडम," ते म्हणाले. "लिवलं तं बायको वाचन. वाचलं तं विचारन."

"काय विचारणार?"

"इतकंच काय, म्हून विचारन."

*

आता महादेवरावांचा किस्सा. हा सांगताना मला अजूनही थोडं ओशाळल्यासारखं होतं, कारण त्या दिवशी मी माणूस ओळखण्यात सपशेल चुकले.

महादेवराव नेरकडचे. वय पंचाहत्तरच्या पुढे, पांढरं धोतर, आवाज खणखणीत. सोबत दोन मुलं. मोठा विलास आणि धाकटा संजू. वडिलोपार्जित नऊ एकर, कपाशी आणि तूर. या दोघांना एक बहीण आहे, कुंदा. तिचा नवरा वारला, ती दिग्रसजवळ अंगणवाडीत मदतनीस आहे आणि दोन पोरींना एकटी शिकवते. आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. बहिणीला जेवायला बोलवायचं, साडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. कुंदाला बोलावलं, साडीही आणली. तिने साडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबानं सांगतलं तं करतो सही."

बाबा 'कर'ही म्हणाले नाहीत, 'नको'ही नाही. बोलणार कसे? राहणं मुलांकडे, जेवण सुनांच्या हातचं. मग धाकट्या संजूने युक्ती काढली, की बाबांनी मृत्युपत्रच करावं. सगळं वावर दोन मुलांना, म्हणजे बहिणीच्या सहीची कटकटच नको.

हे सगळं मला संजूनेच सांगितलं. वर म्हणाला, "नेरच्या वकिलानं नाई म्हटलं, दारव्ह्याच्यानं बी नाई म्हटलं. मंग बाबाच म्हणे, यवतमाळले मोठ्या वकीलबाई हायेत, तिथी जाऊ."

मी म्हटलं, "तेच सांगावं लागणार. जमीन वडिलोपार्जित आहे. त्यात तुमच्याइतकाच तुमच्या बहिणीचाही हिस्सा आहे, आणि तो तिला जन्मापासून आहे. बाबा मृत्युपत्र करू शकतात ते फक्त स्वतःच्या हिश्शाचं. तिच्या हिश्शाला त्यांना हात लावता येत नाही."

महादेवराव खुर्चीतून उठलेच. "म्हंजे माह्याच वावरात माहं चालत नाई? असा कसा कायदा जी?"

"असाच आहे, काका."

"अन् तरी बी लिवलं तं?"

"मग ती कोर्टात जाईल. जिंकेलही. तोवर तुमची ही दोन्ही मुलं वावर सोडून तारखा करत बसतील."

"किती वर्सं?"

"मी सांगू शकत नाही. माझ्याकडे आलेले काही जण तारखा करता करता म्हातारे झाले."

"हे जरा मोठ्यानं सांगा," ते विलासकडे हात करून म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "अन् साडी देऊन सही घेतली तं?"

"तिची मनापासून मर्जी असेल तरच. जबरदस्तीनं किंवा फसवून घेतलेली सही उद्या अंगाशी येते."

"अंगाशी म्हंजे कोणाच्या? माह्या का ह्यायच्या?"

"यांच्या."

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला, कायद्याला दोन शिव्या दिल्या, सरकारला एक दिली आणि धप्पकन बसला. विलास हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा. तिचं तिले देऊन टाकू. कायले तमाशा पाह्यजे."

संजूने नजर वर केली नाही. "दुसऱ्या वकिलाले विचारू," तो म्हणाला.

तिघं जिना उतरून गेले. मला खरंच राग आला होता. सुधाकरभाऊंना म्हटलं, "पाहिलंत? विधवा लेक, दोन पोरी, आणि बापाच्या तोंडून तिच्यासाठी एक शब्द नाही निघाला. उलट गावोगाव वकील शोधत फिरतोय." सुधाकरभाऊ नुसते हूं म्हणाले.

पाच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. महादेवराव एकटेच वर आले, पिशवी राहिली म्हणून. पिशवी काखेत मारली, पण निघेनात. दाराशी घुटमळत त्यांनी विचारलं, "मॅडम, वणीकडे तुमच्या वळखीचा कोणी वकील हाये काय?"

मी तुटकपणे म्हटलं, "काका, कशाला पायपीट करता? तिघांनी सांगितलं तेच तोही सांगणार."

"सांगन ना? नक्की?"

"नक्की. कायदा सगळीकडे एकच आहे."

"मंग नंबर द्या त्याचा," महादेवराव दबक्या आवाजात म्हणाले आणि एकदा जिन्याकडे वळून पाहिलं. "मोठा तुमच्याच्यानं वळला. लहान्याले अजून एक वकील लागन."