निनांग चारिंगचे अस्सल काळे केस

फेलिसा दुमलाव केस रंगवण्या-कापण्याच्या सरकारी वर्गाला जायला लागली आणि चर्चमधलं तिचं लक्ष प्रार्थनेवरून कायमचं उडालं. पाद्री पापांबद्दल बोलत असायचा आणि फेलिसा पुढच्या बाकावरच्या बायकांचे भांग वाचत असायची. हिने घरीच डबीतला रंग फासलाय, हिचे केस सरळ करून घेताना जळलेत, हिला अमोनिया सोसत नाही तरी हौस दांडगी. सान रोके गावातल्या बायका तिला पूर्वी तोंडांवरून माहीत होत्या, आता टाळूवरून माहीत झाल्या, आणि टाळू फारशी खोटं बोलत नाही.

वय एकोणचाळीस. मागची अठरा वर्षं तिने बाजारात सुकी मासळी विकली होती. वर्गातल्या विशीच्या पोरी तिच्याजवळ बसताना नाक मुरडायच्या, आणि फेलिसा त्यांच्या नाकाशी मुद्दाम हात हलवून म्हणायची, "घ्या गं वास, वर्षभराने याच हाताला तुम्ही डोकं देणार आहात." बढाईत ती कुणाला हार जाणारी नव्हती. वही तिची सगळ्यांत जाड. कुठल्या रंगावर कुठला रंग मारला की पिवळेपणा मरतो, हे ती नवऱ्याला भात वाढता वाढता शिकवायची. नवरा बेर्तो ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली भाड्याची मोटारसायकल चालवायचा. तो एकदा म्हणाला, "रंगाचं राहू दे, माशाला मीठ कमी झालंय." त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण परीक्षेने तिची बढाई एकदा उतरवली होती. परीक्षेला आपलं डोकं आपणच आणायचं, असा नियम. म्हणजे जिच्या केसांवर काम दाखवायचं ती बाई उमेदवारानेच पटवून आणायची. पहिल्या खेपेला फेलिसाने शेजारची बाई नेली. भाजेल या भीतीने ती बाई डोक्यावर अर्धा रंग असतानाच उठली आणि टॉवेलसकट घरी पळाली. आता दुसरी आणि शेवटची खेप होती. नापास झाली तर सगळा वर्ग पहिल्यापासून करायचा. आणि परत जायला मासळीचं दुकान उरलं नव्हतं, कारण पार्लरमध्ये खुर्ची मिळणार या भरवशावर तिने ते नणंदेला देऊन टाकलं होतं. पार्लरवालीचं म्हणणं एकच: आधी प्रमाणपत्र दाखव, मग खुर्ची. फेलिसा रात्री झोपेत कूस बदलायची ती याच काळजीने.

पळालेल्या टॉवेलची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळे डोकं द्यायला कुणी तयार होईना. अशा वेळी निनांग चारिंग स्वतःहून म्हणाली, "माझं घे."

निनांग, म्हणजे फेलिसाच्या बाप्तिस्म्यात तिला हातावर घेतलेली धर्ममाता. तिच्या लग्नातही पुढे, पोराच्या आजारपणातही पुढे, आणि पुढे होती हे सांगण्यात सर्वांत पुढे. वय चौसष्ट आणि केस कंबरेपर्यंत, कोळशासारखे काळे. मे महिन्यातल्या मिरवणुकीत ती केस मोकळे सोडून चालायची आणि तिशीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांच्या नजरा आवरायच्या. गुपित विचारलं की ती म्हणायची, "गुगोच्या वेलीची साल आणि नारळाचं तेल. माझ्या केसांना आयुष्यात रंग शिवलेला नाही." गुगोच्या सालीचं पाणी ती बाटल्यांत भरून विकायचीही. सान रोकेतलं एकही न्हाणीघर त्या बाटलीवाचून नव्हतं, आणि केस मात्र निनांग चारिंग सोडून सगळ्यांचे पिकत होते. याचा अर्थ कुणी लावत नव्हतं. लावला तरी बोलत नव्हतं.

"जत्रेत आमची लेक येतेय दुबईहून," निनांग म्हणाली. "तिच्या शेजारी उभं राहायचं तर जरा तपकिरी झाक हवी. तुझंही भलं होईल. माझ्यासारखे कोरे केस तुला कुठे मिळणार?"

परीक्षेच्या दोन दिवस आधी माहिती लिहून घ्यायची आणि मानेजवळची एक बट रंगवून पाहायची, असा वर्गाचा शिरस्ता. फेलिसा फॉर्म घेऊन निनांगच्या ओसरीवर गेली. निनांगचा हात कपाळाला लावून तिने आशीर्वाद घेतला. ओसरीवर पाच बायका केळ्याचे तळलेले काप खात बसल्या होत्या. फेलिसाने भांग पाडला, आणि कानामागे तिला काळा डाग दिसला, धुऊनही न गेलेला. उन्हात धरलेल्या केसांत एकही तांबूस झाक नव्हती. देवाने दिलेले केस इतके एकसारखे काळे नसतात, हे तिच्या जाड वहीत पान बाविसावर होतं.

"निनांग, पूर्वी कधी रंग... म्हणजे फॉर्मवर विचारलंय म्हणून हं."

"कधीच नाही."

"मग एक बट तेवढी तपासून घेते. फक्त एकच."

निनांगने केळ्याचा काप खाली ठेवला. "तुला मी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर काढली पाद्र्यासमोर. आता तू माझी बट तपासणार?"

पाचही बायका फेलिसाकडे बघायला लागल्या. बघणाऱ्यांतल्या तिघींचे केस डबीतलेच होते, पण नजर अशी की फेलिसाने चर्चमधली मेणबत्तीच चोरली असावी. धर्ममातेला खोटं पाडायचं नाही, हे सान रोकेत पोर रांगायच्या आधी शिकतं. फेलिसाने मान खाली घालून लिहिलं: "पूर्वी रंग: कधीच नाही." रस्त्याला लागल्यावर तिला स्वतःची चीड आली. मासा शिळा आहे हे नाकाला कळत असताना तिने गिऱ्हाइकाला ताजा म्हणून कधी विकला नव्हता.

परीक्षेच्या सकाळी निनांग एकटी आली नाही. पाचही बायका आल्या, पातेलंभर पान्सित शेवया आणि तांदळाच्या चिकट वड्या घेऊन. वर्गाची खोली लग्नाच्या मांडवासारखी झाली. शिकवणाऱ्या ओफेलिया मॅडमनी एकदा दाराकडे बोट दाखवलं, पण तेवढ्यात त्यांच्या हातात वडीची बशी आली आणि बोट खाली गेलं.

परीक्षक विल्यारुस सर परगावचे होते. ते वडीला भुलले नाहीत. त्यांनी फॉर्म वाचला, निनांगचे केस पाहिले, पुन्हा फॉर्म वाचला. मग ओल्या कापसाचा बोळा घेऊन कानामागून हलकेच फिरवला. बोळा काळा झाला.

"तुम्ही लिहिलंय 'कधीच नाही'," ते फेलिसाला म्हणाले. "हे तुम्हाला बाईंनी सांगितलं, की तुम्ही तपासलंच नाही?"

खोलीतलं चघळणं थांबलं. 'बाईंनी सांगितलं' म्हटलं, तर धर्ममाता सगळ्यांदेखत खोटी ठरत होती. 'तपासलं नाही' म्हटलं, तर फेलिसाच नापास. तिने निनांगकडे पाहिलं. निनांग समोरच्या आरशात पाहत होती, आणि आरशातही तिला फेलिसा दिसत नव्हती.

"मी तपासलं नाही, सर," फेलिसा म्हणाली.

सरांनी मान हलवली आणि पेन उचललं. तेवढ्यावर निनांगने गप्प बसायला हवं होतं. पण सुटकेचा श्वास सोडून ती बायकांकडे वळली आणि म्हणाली, "तरी मी म्हणत होते, मासळीवालीचं काम नव्हे हे. हिला अजून पुष्कळ शिकायचंय."

फेलिसाच्या मस्तकात तिडीक गेली. अठरा वर्षं उन्हात बसून मासळी विकली तेव्हा ही बाई तिच्याकडून दर शुक्रवारी जास्तीची सुकट मागून न्यायची, धर्ममातेचा मान म्हणून. तिने ॲप्रनची गाठ आवळली.

"सर, अजून रंगाचं औषध लावलेलं नाही. वेळही संपलेला नाही. आता तपासते."

सरांनी घड्याळ पाहिलं. "सव्वा तास आहे."

फेलिसाने मानेजवळची एक बारीक बट कापली. निनांग "अगं अगं" म्हणेस्तोवर बट वाटीतल्या तपकिरी औषधात बुडाली होती. पाच बायका पान्सित विसरून वाटीकडे टक लावून बसल्या. अर्ध्या तासाने फेलिसाने बट धुतली, पुसली आणि पांढऱ्या कागदावर ठेवली. तपकिरीचा मागमूस नव्हता. बट होती तशीच काळी होती, कारण लावलेला रंग नव्या रंगाने उजळत नाही. हे पान बाविसाच्या पुढच्याच पानावर होतं.

फेलिसाने बायकांकडे पाहिलंही नाही. ती निनांगच्या खुर्चीशी वाकली आणि पार्लरमध्ये गिऱ्हाइकाला विचारावं तशा अदबीने, अगदी हळू विचारलं, "निनांग, शेवटचा रंग कधी लावला होतात? मी त्याप्रमाणे औषध बदलते."

प्रश्न इतक्या साध्या आवाजात आला की निनांगच्या तोंडून उत्तर निघून गेलं.

"शनिवारी."

कुणीतरी हातातला चमचा पाडला. फेलिसाने फॉर्मवरचं 'कधीच नाही' खोडलं, वर 'शनिवारी' लिहिलं, आणि सरांना सांगितलं, "या केसांवर तपकिरी चढणार नाही. आधी जुना रंग उतरवावा लागेल, आणि ते एका बैठकीत केलं तर केस तुटतील. मी आज रंग लावणार नाही. तेल आणि मालीश देते, टोकं कापते."

ती मालीश करून टोकं कापेपर्यंत सर लिहीत होते. मग म्हणाले, "फॉर्म आधी चुकीचा भरलात, त्याचे गुण गेले. बाकी काम बरोबर आहे. पास."

फेलिसा भिंतीला टेकून रडली, मोठ्याने आणि नाक गळेस्तोवर. ओफेलिया मॅडमनी तिला वडी दिली. पाच बायकांनी पान्सितचं पातेलं उचललं आणि एकमेकींकडे न बघता आपापल्या डोक्यावर रुमाल घेतले. त्यांना धक्का बसला नव्हता. ठाऊक सगळ्यांना होतं. मोठ्याने ऐकायची मात्र सवय नव्हती.

निनांग मालीश करून घेऊन, टोकं कापून घेऊन, सर्वांत शेवटी उठली. फेलिसा तिचा हात कपाळाला लावायला पुढे झाली. निनांगने हात आधी मागे घेतला, मग दिला.

"दर दहा दिवसांनी रंग तूच लाव आता," ती म्हणाली. "दुसरीकडे जाऊन आता लपवायचं काय? आणि एक पैसा देणार नाही. धर्ममाता आहे मी तुझी."