उतू जाण्यासाठी जपलेलं पातेलं

व्यवसाय काय, असं कुणी विचारलं की मी आजही अडखळतो. पोटासाठी आर्किटेक्ट, नाशकात लोकांची घरं बांधली. पण हिवाळा आला की कुठल्या तरी उत्खननावर जाऊन तंबूत मुक्काम ठोकायचो आणि हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या घरांचे नकाशे काढायचो. या दोन्हींच्या नादात स्वतःचं घर राहून गेलं. बायको भाड्याच्या खोल्यांमध्ये संसार हलवत राहिली.

शेवटी उतारवयात निफाड रस्त्याला प्लॉट घेतला. नव्या घरात दूध उतू घालवायचं म्हणून तिने कल्हई केलेलं पितळी पातेलं आणलं. रोजच्या वापराला ते कुणाला काढू दिलं नाही.

पायाच्या खड्ड्यात मिस्त्रीचं फावडं राखेला लागलं. मी खाली उतरून हाताने माती बाजूला केली. सारवलेली जमीन, काळी-तांबडी खापरं आणि चूल. तोंडून आधी "अरे वा!" निघालं, मग हा खड्डा आपल्याच घराचा आहे हे आठवलं. पुरातत्त्व खात्याला कळवलं तर काम थांबणार, किती काळ ते देव जाणे. नाही कळवलं तर उद्या त्यावर काँक्रीट पडणार.

"थांबवा," मी म्हणालो. जरा वेळाने म्हणालो, "चालू द्या." मग पुन्हा, "थांबवा."

"साहेब, एक काय ते सांगा ना," मिस्त्री वैतागला. "माणसं बसून हायेत."

आजवर दुसऱ्याच्या प्लॉटवर असं काही निघालं की मी तडकाफडकी काम बंद करायला लावायचो आणि मालकाच्या शिव्या खायचो. आज मालकही मीच होतो. डोकं चालेना.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. खड्ड्याच्या काठावर बसून ती चुलीकडे बघत राहिली.

"हिचं घर स्वतःचं होतं का हो?" तिने विचारलं.

राख तपासून त्या बाईने काय रांधलं ते मी सांगू शकलो असतो. हे कसं सांगणार?

"कळवा," ती म्हणाली. रागाने म्हणाली की समजून, ते मला अजून उमगलेलं नाही. मी कळवलं. काम थांबलं.

त्या संध्याकाळी भाड्याच्या स्वयंपाकघरात तिने ते पितळी पातेलं काढलं आणि त्यात रोजचं दूध तापत ठेवलं.

"लक्ष ठेव, उतू जाईल," मी म्हणालो.

"नाही जाणार," ती म्हणाली आणि दूध वर येताच तिने गॅस बंद केला.