खडीचा 'ख'

शिवकांताक्का चौथी नापास. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सरकारनंही तिच्याबद्दल एवढंच ध्यानात ठेवलं.

उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवरचं आमचं गाव. तिथं मी पहिलीचा मास्तर होतो. बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. बाया खडी फोडायला गेल्या आणि त्यांच्यामागं चाळीसएक लेकरं उन्हात भटकू लागली. एक पोरगं टिकावाखाली येता येता वाचलं, तसा मुकादम शेषेराव घाबरला. त्यानं खडी फोडणाऱ्या शिवकांताला उठवून लिंबाखाली आणलं. तरणी विधवा, मूलबाळ नाही.

"तू हितं ही पोरं बसवून ठेव," तो म्हणाला. "बाकी काय करू नको."

पोरं काही बसली नाहीत. दोन दिवस ओरडून तिचा घसा बसला. तिसऱ्या दिवशी तिनं एक खडा उचलला आणि बसक्या आवाजात म्हणाली, "ख्... ख्... खडी. आजून कशात 'ख' हाय? जावा, धरून आना."

पोरं पांगली. खापर आलं, खुरपं आलं, खराटा आला. एकानं मांडीवरची खरूज दाखवली. तीही चालली.

मग रोज एक आवाज. 'घ'च्या दिवशी घमेलं बडवायचं, 'फ'च्या दिवशी तळहातावरची धूळ फुंकायची. कान तयार झाला की तोच आवाज धुळीत बोटानं काढायचा. त्या वर्षी गावात धूळ तेवढी मुबलक होती. दुपारी सुकडीचं गोड पीठ वाटताना ज्यानं त्यानं 'स'चा एक शब्द सांगायचा, मग ओंजळ भरायची. "सुकडी सोडून," असं ती बजावायची. दानम्मा नावाच्या पोरीच्या घरी कन्नड बोलायचे. 'न'च्या दिवशी ती म्हणाली, "नीरू." पोरं हसली.

"हसता काय?" अक्का म्हणाली. "नीरू म्हंजी पानी. 'न'च हाय की त्यो."

संध्याकाळी केवळाबाई तक्रार घेऊन आली. "अक्का, माझं पोरगं नीट बोलंना झालंय. आदी म-म-म करतंय, मंग मिलोची भाकर मागतंय!" मिलो म्हणजे त्या दुष्काळात रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी.

पाऊस आला, काम थांबलं, आणि ही पोरं माझ्या पहिलीत आली. दिवाळीच्या आत धडे वाचू लागली. तपासणीला आलेले साहेब खूश झाले. "गुरुजी, कुठली पद्धत वापरता?"

"मेहनत, साहेब," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही.

ग्रामपंचायतीनं चावडीत बालवाडी काढली आणि अक्काला तिथं नेमलं. ती पोरं तयार करायची, मी शाबासकी घ्यायचो. असं दहा वर्षं चाललं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. जिल्हा जवळ आला म्हणून गावानं पेढे वाटले. साहेबही जवळ आले, हे नंतर कळलं. एकजण रंगीत तक्ता घेऊन चावडीत आले. त्यांनी अननसावर छडी ठेवली. आमच्या गावात अननस कुणी पाहिला होता?

"क!" पोरं ओरडली. "कणीस!"

कमळाला 'फ', फुलाचा. बदकाला 'क', कोंबडीचा. गलबताला 'ट', टोपल्याचा. साहेबांनी वहीत लिहिलं, 'मुलांना अक्षरओळख नाही.'

"साहेब, आवाज तर बरुबर सांगायलेत," अक्का म्हणाली. "चित्रंच वळखीची न्हाईत."

"तुमचं शिक्षण किती?"

तिनं सांगितलं. बोलणं तिथंच संपलं.

दोन वर्षांनी बालवाडीची अंगणवाडी झाली. सेविका मॅट्रिक पास हवी, म्हणून अक्का मदतनीस झाली: झाडायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची. सेविका म्हणून आली पंचशीला. लिंबाखालच्या चाळिसांतलीच ती एक. तिला इतकं अवघडल्यासारखं झालं की पहिल्या दिवशी खुर्चीवर बसेचना.

"बस गं," अक्का म्हणाली. "खुर्चीनं काय बिघडवलंय?"

पण पुढं एकदा, राग येत नाही का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "राग येतोय की गुर्जी. भांडी घासताना लई येतोय."

पंचशीला लातूरला दहा दिवस प्रशिक्षण घेऊन आली ती थेट चुलीपाशी गेली. "अक्का, तिथं नवी पद्धत शिकवली. भवतालच्या वस्तू पोरांना गोळा करू द्यायच्या, आन् शब्दाचा पहिला आवाज ऐकवायचा. मी हात वर करून सांगितलं, आमी तर खडीवर आसंच शिकलो. म्याडम म्हनल्या, तसं नाही, हे शास्त्रीय आहे."

अक्का हसत हसत खाली बसली. "मंग मला बी शिकीव की ते शास्त्रीय."

त्या दिवसापासून दोघींनी आपसात ठरवून टाकलं. एरवी अक्कानं शिकवायचं, पंचशीलानं रजिस्टर लिहायचं. जीपचा आवाज आला की पंचशीलानं तक्ता धरायचा आणि अक्कानं पळी. बरीच वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढं एका संस्थेनं माझा आदर्श शिक्षक म्हणून सत्कार केला. भाषणात पहिलीच्या वाचनाचं भारी कौतुक झालं. अक्काचं नाव घ्यायचं मी घरून ठरवून गेलो होतो. माईकपुढं उभा राहिलो, टाळ्या ऐकल्या आणि सगळ्यांचे आभार मानून खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन अंगणवाडीत गेलो. "अक्का, हे खरं तुमचं."

तिनं पदराला हात पुसले. "कालच्याला सांगितलं व्हय तुमी आसं?"

मी शालीची घडी नीट करू लागलो.

"शाल ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नारळ द्या हिकडं." तो तिनं पोरांपुढं धरला. "सांगा, कशाचा आवाज?"

"न!" पोरं म्हणाली. कोपऱ्यातलं एकजण म्हणालं, "ख, खोबऱ्याचा."

"त्ये बी बरुबर," म्हणत तिनं नारळ उंबऱ्यावर फोडला आणि पहिला तुकडा त्याला दिला. मला शेवटचा मिळाला.