गुंजवणीत भिजलेली नाटकाची वही

वेल्ह्याहून परत येताना गुंजवणी नदीच्या पाण्यात बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलली… आणि माझी पिशवी पाण्यात पडली. पाणी जेमतेम गुडघाभर. पण पिशवीत आबांची वही होती.

भोर संस्थान अजून विलीन व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी बावीस वर्षांचा, भोरच्या एका शाळेत मराठी शिकवणारा नवखा मास्तर. आता नव्वदीत एका बोटाने मोबाईलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

मला संगीत नाटकाचं वेड होतं. बोलपट आले, एकेक नाटक कंपनी बंद पडत गेली आणि मला वाटायला लागलं, हे सगळं कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे… पण सुरुवात कुठून करायची? मग कळलं की वेल्ह्याकडच्या एका वाडीत एक शेतकरी आहेत, तरुणपणी दहा-बारा वर्षं कंपनीत नायिकेच्या भूमिका करायचे. सगळे त्यांना आबा म्हणतात.

आबा बोलायलाच तयार नव्हते. गावी परतल्यावर लोकांनी लुगडं नेसणारा म्हणून इतकं हिणवलं होतं, की त्यांनी नाटकाचा विषयच बंद केला होता. मी तीन खेपा घातल्या तेव्हा कुठे फडक्यात बांधलेली वही आणून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"ही न्या. उतरून घ्या आन् आठ दिसांत आणून द्या. पर मला काय बी इचारू नका."

कधीही न छापलेलं अख्खं नाटक, पदांसकट, त्यांच्या हाताने लिहिलेलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि मी ती त्याच दिवशी नदीत घातली…

खोलीवर येऊन पान न् पान सुटं केलं, घोंगडीवर पसरलं, चुलीची ऊब दिली. गद्य बऱ्यापैकी टिकलं. पदं मात्र वेगळ्या शाईत लिहिलेली होती, ती पसरून नुसते निळे डाग राहिले.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. वर्गात फळ्यावर अर्धं वाक्य लिहून थांबायचो, मुलं माझ्या तोंडाकडे बघायची.

वाटलं, वही टपालाने पाठवून द्यावी आणि पुन्हा त्या वाडीकडे फिरकूच नये. मग त्याहून वाईट विचार आला. चार-दोन अक्षरं दिसतायत, बाकीची आपणच जुळवावीत… आबांना इतक्या वर्षांनी काय आठवणार?

दोन पदं तशी जुळवलीही. वाचून पाहिली तर छान जमली होती, आणि त्याचीच भीती वाटली. उद्या लोक हीच खरी समजून म्हणतील. कागद फाडले आणि चुलीत घातले.

आठव्या दिवशी रविवार होता. सर्व्हिस मोटारीने नसरापूर गाठलं, पुढे थोडं गाडीतून, बरंचसं पायी. वाटेत दोनदा थांबलो… परत फिरावं असं दोन्ही वेळा वाटलं.

आबा खळ्यावर भात झोडत होते. सून बाजूला सुपाने पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "आबा, वही पाण्यात पडली. पदं गेली. चूक माझी आहे."

त्यांनी धोतराला हात पुसले. वही घेतली, मधलं एक पान उघडलं, मिटलं. आणि घरात निघून गेले.

"मास्तर, तुमी जावा आता," सून हळूच म्हणाली. "मामंजी असं आत गेलं की दिसभर बोलत न्हाईत."

जाऊन जाऊन कुठे जाणार होतो? किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक… आतून चूळ भरल्याचा, घसा खाकरल्याचा आवाज आला. आबा बाहेर आले. डोक्याला धुवट पटका बांधला होता.

"वही भिजली. मी न्हाई भिजलो," ते म्हणाले. "बसा. लिव्हा."

आवाज फाटलेला होता, वरचा सूर लागत नव्हता. पण आबा नुसते शब्द सांगत नव्हते. नायिका कुठे वळते, कुठे श्वास घेते, कुठे पेटीवाला मुद्दाम थांबायचा… आणि गाता गाता त्यांचा हात खांद्यावरचा पदर सावरत होता. खांद्यावर तर काहीच नव्हतं. वहीत यातलं एक अक्षर नव्हतं.

एका पदाचं शेवटचं कडवं त्यांना आठवेना. मी जागा कोरी सोडली.

शेतातून परतणाऱ्या चार बायका कुंपणाशी थांबल्या. आता या हसणार, आबा पुन्हा आत जाणार आणि दार कायमचं लागणार… पद संपलं. बायका तिथेच उभ्या राहिल्या. आबांनी मान खाली घातली.

सुनेने सूप खाली ठेवलं. "मामंजी," ती म्हणाली, "त्ये मगाचं पुन्यांदा म्हना की."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. लग्न होऊन ती त्या घरात आली त्याला नऊ वर्षं झाली होती, सासऱ्याचा सूर तिने आज पहिल्यांदा ऐकला होता. मग ते माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसत होते.

"मास्तर, लिव्हा. हितं वन्समोर."

पुढे मी पुण्यात चौतीस वर्षं संगीत नाटकाचा इतिहास शिकवला, पुस्तकं लिहिली. किती नट, किती पेटीवाले, किती तबलजी… सगळ्यांची नावं विचारून विचारून नोंदली.

वन्समोर मागणाऱ्या त्या माउलीचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.