महुआच्या झाडावरची चिंधी

आम्ही इंदूरवाले जंगलात फिरायला गेलो तरी कचऱ्याची पिशवी घेऊन जातो. हसायचं तर हसा, मला त्याचा अभिमानच आहे. पण त्याच पिशवीपायी एकदा माझा जीव अर्धा झाला.

मानपूरच्या पुढे जंगलात एक पायवाट आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे, वादळात तुटलेल्या फांदीवर, जंगली ऑर्किडचं रोपटं दिसलं. पानं सुरकुतलेली, मुळं उघडी. बरोबरचे म्हणाले, "छोडो ना, मेलंय ते." मी कुणाचं ऐकते होय! पिशवीत बसायला आणलेली जुनी सुती साडी होती, तिची निळी किनार टर्रकन फाडली आणि रोपटं शेजारच्या महुआच्या, म्हणजे मोहाच्या, खोडाला बांधून टाकलं. मग दर दोन महिन्यांनी बसने जाऊन बघायचे. घरचे चिडवायचे, "चालली माहेरी!" पानं हिरवी झाली, फूल मात्र येईना.

यंदा कळ्यांची दांडी दिसली. पंधरा दिवसांनी अख्ख्या कॉलनीला घेऊन गेले. वाटेत कळलावी दाखवली, रानहळद दाखवली, पण लक्ष सगळं पुढे. आमच्या शेजारचे भिया (इंदुरात भैयाला भियाच म्हणतात) पिशवी घेऊन कधीच पुढे गेले होते. ते खुशीत परत आले.

"वहिनी, झाडावर किसी ने चिंधी बांधून ठेवली होती. निकाल दी!"

त्यांच्या हातात माझ्या साडीची निळी किनार! "अहो, काय केलंत हे! माझं रोपटं होतं त्यात!" इतकी ओरडले की मागचे सगळे जागीच थांबले. गुडघे दुखतात माझे, तरी धावले. आधी खाली पाचोळ्यात शोधलं. काहीच नाही. मग वर पाहिलं.

रोपटं जागच्या जागी होतं. पेन्सिलीएवढी जाड मुळं सालीला अशी चिकटलेली की हळूच हलवून पाहिलं तरी हलेना. आणि दांडीवर पाच फुलं! पिवळट तपकिरी, मधली पाकळी जांभळी. मला रडूच आलं. लेक बोर्डात पहिली आली तेव्हाही माझी छाती एवढी फुगली नव्हती, खरं सांगते.

भिया बिचारे चिंधी धरून उभे. "वहिनी, परत बांधू का?"

"नको," मी म्हटलं. "टाका पिशवीत. आता कचराच आहे तो."