जनूच्या गाडीचं ऑइल कोण चोरतं?

पेणजवळच्या खाडीकाठचा जनू एकोणीस वर्षं एकाच मोटारसायकलवरून रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जात होता. पावणेदोन लाख किलोमीटर झाले, पण त्यानं ती कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. चोरीला जातील म्हणून तिचे आरसेसुद्धा काढून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले होते.

हल्ली इंजिनातलं ऑइल दर आठवड्याला कमी भरायचं. पहिला संशय मेकॅनिकचा आला, म्हणून जनूनं ते गॅरेजच सोडलं. मग कंपनीच्या वॉचमनवर पाळत ठेवली. शेवटी ऑइलच्या झाकणाला तारेची गाठ मारली. आठ दिवसांनी गाठ जशीच्या तशी, आणि ऑइल पुन्हा खाली! सोडून पुन्हा तशीच मारायची तर ती आधी पाहिलेली हवी, आणि ती गाठ बायकोशिवाय कुणी पाहिली नव्हती.

“खरं सांग गो, तूच काढतेस ना?”

गोदूबाई भडकली. “मी काय तुमच्या ऑइलान बोंबील तलतंय? कुठं जातं ते सगल्या गावाला म्हाईत हाय!” तिनं चावी हिसकावली आणि शेजारच्या प्रविणला हाक मारली. “एक चक्कर मार रं. यांना मागं उभं राहून बघू दे.”

प्रविणनं किक मारली. गाडी निघाली आणि मागं निळ्या धुराचा असा लोट उठला, की अंगणातल्या कोंबड्याही दिसेनाशा झाल्या. एकोणीस वर्षांत जनूनं आपली चालती गाडी मागून पहिल्यांदाच पाहिली.

तो धुरातून धावत सुटला. “प्रविण्या, थांब! दहा पावलांत माझ्या इंजिनाची वाट लावलीस रं!”